सहकुटुंब सहपरिवार, पण कुणाच्या सोयीनं?

“सहकुटुंब सहपरिवार पाहावा असा चित्रपट!” हे वाक्य ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. पोस्टरवर तेच, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत तेच, गावातून फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यावरही तेच. हे वाक्य म्हणजे जणू हमीपत्र. आत काही वाईट नाही, लेकीसुनांना खुशाल घेऊन या. या हमीपत्राची उलटतपासणी आपण बायांनी आता करायला हवी. कुटुंब म्हणजे त्यातलं नेमकं कोण? आणि वाईट म्हणजे कुणाच्या दृष्टीनं वाईट?

प्रश्न आत्ताच का, तर वयाच्या शिक्क्यांचे नियम नुकतेच बदलले आहेत आणि त्या बदलाचं बरंच कौतुक झालं आहे. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात ढोबळ दोनच वर्ग होते. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९८३ साली मधला ‘यूए’ आला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी आईबापांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा. डॉक्टर किंवा तत्सम व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ही तेव्हाच आला. सेन्सॉर बोर्डाचं नावही त्याच वर्षी ‘केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ’ झालं. लोकांच्या तोंडी मात्र ते सेन्सॉरच राहिलं. नंतर २०१६ साली श्याम बेनेगल समितीनं ‘यूए’चे वयानुसार पोटभाग करावेत असं सुचवलं. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४च्या मार्चमध्ये नवे नियम आले आणि ‘यूए’चे तीन तुकडे झाले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. हे आकडे केवळ आईबापांच्या माहितीसाठी आहेत. थिएटरच्या दारात त्यावरून कुणाला अडवायचं नाही. अडवायचं ते फक्त ‘ए’ला.

आकडे बदलले हे ठीक. सात वर्षांचं लेकरू आणि सोळा वर्षांची पोरगी यांना एकाच मापानं मोजणं चूकच होतं. पण आमचा सवाल आकड्यांबद्दल नाही, मापाबद्दल आहे. पट्टीवरच्या रेघा वाढवल्या, पण पट्टी तीच जुनी राहिली.

ही पट्टी कोणती ते पाहू. सरकारनं १९९१ साली मंडळाला दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ‘यू’ चित्रपटाची व्याख्या आहे. तो ‘कौटुंबिक पाहणीला योग्य’ असावा, म्हणजे मुलांसकट घरातल्या सगळ्यांना तो एकत्र बसून पाहता यावा. ऐकायला किती गोड! पण एकत्र बसून पाहता येणं म्हणजे काय, हे आपल्या घरात आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सासरा खुर्चीवर, नवरा पलंगावर, सून दाराच्या चौकटीला टेकून आणि पोरी खाली सतरंजीवर. या मांडणीत पडद्यावर चुंबन आलं की सासरा खाकरतो, सून स्वयंपाकघरात जाते आणि पोरगा चॅनेल बदलतो. आणि पडद्यावर सासूनं सुनेला लाथ मारली तर? कुणी उठत नाही, कुणी खाकरत नाही. उलट “पाहा, कशी सोसते बिचारी” म्हणून सगळे पाहत राहतात. कौटुंबिकतेची ही कसोटी लाजेची आहे, अन्यायाची नाही. घरातल्या कर्त्या माणसाला अवघडल्यासारखं झालं की चित्रपट अश्लील. घरातल्या बाईचा अपमान झाला तर तो संस्कार.

त्याच सूचनांत आणखीही एक गोष्ट लिहिलेली आहे. स्त्रीला कमी लेखणारी, तिची अवहेलना करणारी दृश्यं कोणत्याही प्रकारे दाखवली जाऊ नयेत. बलात्कार, विनयभंग यांची दृश्यं टाळावीत. कथेसाठी अपरिहार्य असतील तर कमीत कमी असावीत आणि त्यात तपशील नसावा. म्हणजे कागदावर आपली बाजू आहेच. ती कागदावर आली यामागे १९८०नंतरच्या आपल्या चळवळीचं बळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार आणि १९७९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांतून देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलमही त्याच वर्षी आलं. योगायोग पाहा. ज्या वर्षी पडद्यासाठी ‘यूए’ आला त्याच वर्षी सुनेला छळणं हा दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला. पण या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख काही झाली नाही. कायद्यात जो गुन्हा, तो पडद्यावर ‘सहकुटुंब’च राहिला.

१९९१ सालचा ‘माहेरची साडी’ आठवा. मराठी बाईनं इतक्या संख्येनं थिएटरात आणि तंबूत जाऊन पाहिलेले चित्रपट थोडेच असतील. जन्मतःच अपशकुनी ठरवलेली मुलगी, तोंड फिरवणारा बाप, छळणारी सासू आणि हे सगळं मुकाट सोसणारी सून. बाया पदर डोळ्याला लावून बाहेर पडल्या. त्या रडण्याला आम्ही हसणार नाही. शहरातल्या काही शहाण्या लोकांनी तेव्हा ती टिंगल केली होती, ती निर्दयी होती. बाया रडल्या कारण पडद्यावर त्यांना स्वतःचं आयुष्य दिसलं, आणि अंधारात रडायची मोकळीक मिळाली. आमचा राग आहे तो चित्रपटाच्या निवाड्यावर. सोसेल ती देवी, हा तो निवाडा. तिनं पोलिस ठाण्यात जावं, माहेरी परत यावं, स्वतःच्या नावावर शेत मागावं, असं सुचवणारी एक वाट तरी दाखवली असती! आठ-दहा वर्षांची पोर आईच्या मांडीवर बसून हे पाहत होती. तिला यातून काय शिकायला मिळालं, हे कोणत्या वयाच्या शिक्क्यानं मोजलं?

हिंदीतही तेच. १९९४चा ‘हम आपके हैं कौन’ तर स्वच्छ कौटुंबिक चित्रपटाचा आदर्श म्हणून गाजला. ना मारामारी, ना अंगप्रदर्शनाचा आरडाओरडा. कथा काय? मोठी बहीण वारली, तिचं तान्हं मूल आहे, म्हणून धाकटीचं लग्न तिच्या विधुर नवऱ्याशी लावायचं घरातली वडीलधारी ठरवतात. मुलीचा गैरसमज होऊन ती होकार देते आणि खरं कळल्यावरही तोंड उघडत नाही. तिच्या मनातलं सांगणारी चिठ्ठी शेवटी घरातला कुत्रा योग्य हातात पोचवतो! माणसांनी भरलेल्या त्या वाड्यात मुलीला तिची इच्छा विचारायला एकही माणूस नव्हता, आणि हे आपण पंगतीला बसल्यासारखं सहकुटुंब पाहिलं. आपल्या गावागावांत मेहुणीचं लग्न याच हिशोबानं आजही ठरतं. त्यामुळे कुणाला खटकलंच नाही.

आता गाण्यांकडे वळू. नायिका रस्त्यानं चालली आहे, नायक चार मित्रांना घेऊन मागे. तिची ओढणी धरतो, सायकल अडवतो, ती रागावते, तो हसतो. तिसऱ्या कडव्यात ती लाजते. असली शेकडो गाणी ‘यू’ आणि ‘यूए’ चित्रपटांतून आली, कारण त्यात कपडे पूर्ण होते आणि शिवी नव्हती. ‘नाही’ म्हणजे थोड्या वेळानं ‘हो’, हा धडा पोरांनी पाठ केला. १९९० साली उल्हासनगरला एका शाळकरी मुलीला परीक्षा केंद्रात घुसून जाळलं. २०२०च्या फेब्रुवारीत आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. आठवडाभर झुंजून ती गेली. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘एकतर्फी प्रेमातून’. तीस वर्षांत शब्दसुद्धा बदलला नाही! पाठलाग करणं हा २०१३पासून कायद्यानं गुन्हा आहे. चित्रपटानं एखाद्याच्या हातात काडेपेटी दिली, असं आम्ही म्हणत नाही. खुनी हा खुनीच, त्याची जबाबदारी त्याचीच. पण पाठलागाला प्रेम म्हणायची सवय आपल्या सगळ्यांना कुणी लावली, याचा हिशोब मांडायलाच हवा. आणि ती सवय ‘प्रौढांसाठी’ नव्हती, सर्वांसाठी खुली होती.

मग ‘ए’चा शिक्का आणि बंदीचा बडगा कुणाला बसतो? ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार शहरांतली गरिबी-श्रीमंती दाखवणारा माहितीपट केला. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. मंडळानं आधी ‘ए’ दिला, मग सरकारनं म्हटलं की ही दृश्यं कापा आणि ‘यू’ घ्या. त्या गल्लीतल्या बाया समाजाला रात्री चालतात, पडद्यावर चालत नाहीत! १९७०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पूर्वपरीक्षण कायदेशीर ठरवलं, पण एक शहाणपणाची गोष्टही सांगितली. कात्री लावायची ती विषय कोणता हे पाहून नव्हे, तो कसा हाताळला हे पाहून.

ही शिकवण मंडळानं किती घेतली? ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला जानेवारी २०१७मध्ये प्रमाणपत्र नाकारताना पहिलं कारण दिलं ते हे की कथा ‘लेडी ओरिएंटेड’ आहे. बाईच्या मनातली इच्छा बाईनं सांगितली, हाच आक्षेप. अपील न्यायाधिकरणात भांडून ‘ए’ मिळाला. मराठीतला रवी जाधव यांचा ‘न्यूड’ घ्या. मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत चित्रकारांसमोर बसण्याचं काम करणारी बाई ही त्याची नायिका. तिचं ते काम आहे, मजुरी आहे. हा चित्रपट २०१७च्या गोव्याच्या महोत्सवातून ऐन वेळी वगळला. पुढे विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष समितीनं तो एकही काप न देता ‘ए’ देऊन मंजूर केला. दोन्ही चित्रपट प्रौढांसाठी असावेत की नसावेत यावर मतभेद होऊ शकतो. पण शेजारी शेजारी ठेवून पाहा. निमूट मार खाणारी बाई सर्वांसाठी. स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः बोलणारी बाई अडवलेली. आणि दाद मागायची ती अपील न्यायाधिकरणाची पायरीही २०२१ साली सरकारनं काढून टाकली; आता थेट उच्च न्यायालय. एवढा खर्च कोणत्या छोट्या निर्मातीला परवडेल?

इथे आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतील, मग कात्री अधिक धारदार करा, असले चित्रपट बंदच करा. हा मोह टाळायला हवा. कात्रीचा दांडा कुणाच्या हातात जातो हे आपण १९९८च्या डिसेंबरात पाहिलं आहे. दीपा मेहता यांचा ‘फायर’ मंडळानं ‘ए’ देऊन मंजूर केलेला होता. तरी मुंबईत थिएटरं फोडली गेली, आणि फोडायला शिवसेनेच्या महिला आघाडीलाच पुढे केलं होतं. भारतीय स्त्रीच्या नावानं भारतीय स्त्रियांचीच गोष्ट बंद पाडली! चित्रपट पुन्हा मंडळाकडे गेला आणि पुन्हा न कापता सुटला. जो दांडगा आज बाईच्या अपमानाविरुद्ध दगड मारतो, तोच उद्या बाईच्या इच्छेविरुद्ध मारतो.

‘बॅंडिट क्वीन’चा धडाही विसरू नये. १९९६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की फूलनची विटंबना दाखवणारी ती दृश्यं वासना चाळवत नाहीत, प्रेक्षकाच्या मनात घृणा आणि संताप जागवतात. ते योग्यच होतं. पण जिच्यावरची गोष्ट, ती फूलनदेवी स्वतः १९९४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती, तिची तक्रार होती. जिवंत बाईची संमती घेतली का, हा रकाना कोणत्याच प्रमाणपत्रात नव्हता. नग्नता मोजली, संमती मोजली नाही.

आता मुकुटबनकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत, झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव. कापसाचा मुलूख, जोडीला कोळसा आणि आता सिमेंटचा कारखाना. आजूबाजूला कोलामांचे पोड. इथे चित्रपट थिएटरातून कमी आणि मोबाइलमधून जास्त येतो. सरकारनं २०२१ साली ओटीटीसाठीही वयाचे असेच वर्ग घातले आणि वर कुलूपाची सोय करायला सांगितली, आईबापांनी लावायचं कुलूप. मैत्रिणींनो, या कुलपाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे? घरात एक मोबाइल, तो बापाच्या किंवा थोरल्या पोराच्या खिशात. पोराला सगळं उघडं. पोरीच्या हातात मोबाइल दिसला की “कोणाशी बोलत होतीस?” ‘पालकांचं मार्गदर्शन’ हा शब्द दिल्लीत छान दिसतो. इथे त्याचा अर्थ पोरीवर पहारा असा होतो.

याच तालुक्याचं नाव वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतं ते ‘कुमारी मातां’च्या प्रश्नासाठी. लग्नाचं आमिष दाखवून फसवलेल्या, मूल पदरात घेऊन एकट्या पडलेल्या आदिवासी मुली. फसवणाऱ्यांत बाहेरून कामाला आलेले कंत्राटदार आणि त्यांची माणसं असल्याचं पुन्हा पुन्हा छापून आलं. शब्दच पाहा: कुमारी माता. बाप त्या शब्दात कुठे आहे? त्यानं काय केलं, तो कुठे गेला, याला आपल्या भाषेत नावच नाही. या मुलींना स्वतःच्या शरीराची, संमतीची, गर्भाची माहिती वेळेवर कुणी दिली? २००७ साली शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला ज्या राज्यांनी दार बंद केलं त्यात आपला महाराष्ट्र होता. कारण तेच, संस्कृती आणि लाज. म्हणजे शाळेत सांगायचं नाही, घरात बोलायचं नाही आणि पडद्यावर आलं की शिक्का मारायचा. २०१३ साली ‘बालक-पालक’ या मराठी चित्रपटानं निदान एवढं दाखवलं की मोठ्यांनी तोंड बंद ठेवलं की पोरं उत्तर व्हिडिओच्या दुकानात शोधतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. सोळाव्या वर्षी ज्या पोरीला नांदायला पाठवायची आपली तयारी आहे, तिनं लैंगिक अत्याचाराविरुद्ध लढणाऱ्या बाईचा ‘ए’ चित्रपट मात्र पाहायचा नाही. दांभिकपणाला काही मर्यादा?

तेव्हा आपली मागणी नेमकी असली पाहिजे.

एक. चित्रपटाला कोणता शिक्का मिळाला एवढंच पुरेसं नाही, तो का मिळाला हे प्रेक्षकाला साध्या मराठीत सांगा. शिवीगाळ आहे, दारू आहे, चुंबन आहे की बाईला मारहाण आहे, पाठलाग आहे, जबरदस्ती आहे? या सगळ्याला एका अक्षरात बांधू नका. २०१९च्या ‘कबीर सिंग’ला ‘ए’ मिळाला. तो चुंबनांसाठी की न विचारता मुलीला ‘माझी’ ठरवणाऱ्या नायकासाठी, हे त्या एका अक्षरावरून कसं कळावं? ओटीटीवर निदान एक ओळ येते. तीही मराठीत येऊ द्या.

दोन. १९९१च्या सूचनांतलं स्त्रीच्या अवहेलनेबद्दलचं कलम शोभेला ठेवू नका. वय ठरवताना आधी तेच कलम वापरा. घरातला छळ, हुंडा, पाठलाग हे ‘चालतं’ म्हणून दाखवणारा चित्रपट सात वर्षांच्या लेकराला योग्य कसा, याचं उत्तर द्या. छळ दाखवून त्याला प्रश्न विचारणारा चित्रपट वेगळा. तो तर पोरींनी पाहायलाच हवा.

तीन. नव्या नियमांत मंडळावर किमान एक तृतीयांश, शक्यतो निम्म्या स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. चांगलं आहे. पण त्या कोणत्या स्त्रिया? सगळ्या मोठ्या शहरांतल्या, चित्रपट व्यवसायातल्याच का? अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षिका, शेतमजूर, कोलाम-गोंड बाया यांना ‘समाजाचे आजचे मापदंड’ ठरवायचा हक्क नाही का?

चार. शाळेत शरीर आणि संमती यांचं शिक्षण सुरू करा. ते नसेल तर सात, तेरा, सोळा हे सगळे आकडे पोकळ आहेत.

आणि सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या बचतगटांच्या, महिला मंडळांच्या बैठका तर आपल्या हातात आहेत. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ पाहायला बाया गटागटानं, नटूनथटून, नवऱ्यांना घरी ठेवून थिएटरात गेल्या. एकत्र जाऊन पाहण्याची ताकद आपल्यात आहे हे तेव्हा दिसलं. ती ताकद हळदीकुंकवापुरती ठेवू नका. महिन्यातून एकदा एक चित्रपट पोरींसकट, जमलं तर पोरांसकटही पाहा. संपल्यावर दिवा लावा आणि चार प्रश्न विचारा. यात बाईला कुणी काही विचारलं का? तिनं ‘नाही’ म्हटल्यावर काय झालं? मारणाऱ्याला शिक्षा झाली की माफी? घर कुणाच्या नावावर होतं? उत्तरं फळ्यावर लिहा आणि खाली आपला शिक्का मारा.

गावातल्या बाया विचारतात, “हा पिक्चर पोरीसंग पाह्याले चालते का?” ‘यूए’च्या आकड्यात त्याचं उत्तर शोधत बसू नका. पोरीला शेजारी बसवा, पडद्यावर जे चाललंय त्यावर तिच्याशी बोला. ज्या चित्रपटातल्या बाईचं दुःख पाहून घर गप्प राहतं, तो कितीही स्वच्छ असो, तो कौटुंबिक नाही. घरातल्या सर्वांत लहान पोरीलाही ज्यातून मान वर करून उठता येईल, तोच आपला सहकुटुंब चित्रपट.